औषध स्वस्त झाले, निदानाचे काय?

लोणारचे सरोवर पाहण्यास आलेल्या परगावच्या पाहुण्याला आपण बुलढाणेकर मोठ्या अभिमानाने सांगतो, की हा प्रचंड खळगा उल्केच्या आघाताने निर्माण झालेला आहे. परंतु हे विधान निःशंकपणे करता येऊ लागले त्याला फार काळ लोटलेला नाही. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळपर्यंत हे एखाद्या विझलेल्या ज्वालामुखीचे मुख असावे, असेच अनेक जाणकार मानीत होते. उल्कापाताची शंका काहींनी घेतली होती. पण शंका म्हणजे सिद्धता नव्हे. काठावर उभे राहून कितीही वेळ पाहिले, तरी दोन्ही प्रकारचे खळगे गोलच दिसणार. अखेर विवरातील खडकाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. प्रचंड आघातानेच जिची निर्मिती होऊ शकते अशी ‘मॅस्केलिनाइट’ नावाची काच त्यांत आढळली, आणि १९७३ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर त्या जुन्या वादाचा निर्णय लागला. एवढ्या मोठ्या सरोवराचे कुळ ठरले, ते हातात मावेल एवढ्या दगडाच्या तुकड्यावरून.

माणसाच्या पोटातील गाठीचीही स्थिती अशीच आहे. सोनोग्राफीत गाठ दिसते, सीटी स्कॅनमध्ये तिचा आकार आणि विस्तार समजतो, दुर्बिणीतून तिचा पृष्ठभाग पाहता येतो. परंतु ती गाठ कोणत्या जातीची आहे, हे तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावाचून सहसा निश्चित होत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाण्याच्या महाविद्यालयाचा समावेश आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की त्यात विकृतिशास्त्राचा विभाग असतोच. इमारत, खाटा, प्रवेशाच्या जागा यांविषयी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ बोलले जाते. जेथे रोगाचे नाव ठरते त्या या विभागाविषयी मात्र चकार शब्द निघत नाही. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस तो करीत आहे, कारण या अज्ञानाच्या एका प्रकरणात तो स्वतः वाटेकरी आहे.

एका अहवालाची कथा

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका परिचराला अशक्तपणा जाणवू लागला. रक्त कमी झाले होते, शौचास काळे होत होते. लोहाच्या गोळ्या घेण्यात काही महिने गेले. नंतर जठरात गाठ असल्याचे निष्पन्न झाले आणि शेजारच्या एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात ती शस्त्रक्रियेने काढण्यात आली. काढलेली गाठ बरणीत घालून मुलाच्या हाती देण्यात आली आणि ‘ही अमुक प्रयोगशाळेत नेऊन द्या’ असे सांगण्यात आले. मुलाने ती नेऊन दिली. आठ-दहा दिवसांनी इंग्रजीत टंकलिखित केलेला दोन पृष्ठांचा अहवाल आला. तो घेऊन हे गृहस्थ आमच्या अध्यापक-कक्षात आले आणि म्हणाले, “सर, जरा वाचून सांगा. कॅन्सर तं नाही ना?”

मी अहवाल दोनदा वाचला. त्यात ‘कॅन्सर’ हा शब्द कोठेही नव्हता. चात्याच्या आकाराच्या पेशींची गाठ, असे काहीसे वर्णन होते. शेवटच्या ओळीत ‘निश्चित वर्गीकरणासाठी विशेष रंजक परीक्षा सुचविण्यात येत आहे’ अशा अर्थाची सूचना होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की कॅन्सरचा उल्लेख नाही, काळजीचे कारण दिसत नाही. माझ्या पदव्युत्तर पदवीवर विश्वास ठेवून ते समाधानाने परत गेले. अहवाल घरच्या लोखंडी पेटीत जाऊन पडला.

दोन वर्षांनी त्यांच्या यकृतात गाठी आढळल्या. या वेळी कुटुंबाने मुंबई गाठली. तेथे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, “पूर्वी काढलेल्या गाठीचा ब्लॉक कोठे आहे?” सुदैवाने त्या प्रयोगशाळेने तो जपून ठेवला होता. त्यावर ती राहून गेलेली परीक्षा झाली आणि रोगाचे नाव निश्चित झाले : गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, संक्षेपाने ‘जिस्ट’. आज ते रोज गोळी घेतात आणि कामावरही येतात. पण जी गोळी दोन वर्षे आधी सुरू झाली असती, तर कदाचित यकृतापर्यंतचा हा प्रवास टळला असता, ती गोळी अहवालाच्या शेवटच्या ओळीत लपलेली होती. ती ओळ मी वाचली होती. मला तिचा अर्थ कळला नाही, आणि कळला नाही हेही कळले नाही.

तुकड्याची साक्ष

शरीरातून काढलेल्या मांसाच्या तुकड्याला शास्त्रीय परिभाषेत ऊतक म्हणतात. त्याची तपासणी कशी होते, हे समजून घेणे कठीण नाही. तुकडा शरीराबाहेर आला की तो नासू लागतो. म्हणून तो तत्काळ फॉर्मालिनच्या द्रावणात बुडवावा लागतो, आणि द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या सुमारे दहापट असावे लागते. पुढे त्यातील पाणी काढून तो मेणात बसवितात. हाच तो ‘ब्लॉक’. या ब्लॉकचे तीन ते पाच मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन ते पाच पट, एवढ्या जाडीचे काप घेतात, ते काचेवर पसरून रंगवितात आणि विकृतिशास्त्रज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो. पेशींची ठेवण, त्यांच्या केंद्रकांचा आकार, विभाजनाचा वेग, आजूबाजूच्या भागात झालेला शिरकाव यांवरून तो मत देतो. १८५८ साली बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्को यांनी रोग हा मुळात पेशीचा असतो हा सिद्धांत विस्ताराने मांडला. तेव्हापासून कर्करोगाच्या निदानाचा अखेरचा निवाडा या टेबलावर होत आला आहे.

महाराष्ट्राला या शास्त्राची परंपरा नाही, असे मुळीच नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. शल्यविशारदाची कीर्ती घरोघर पोहोचते. काचेच्या पट्टीवर डोळे शिणविणाऱ्याचे नाव मात्र रुग्णालाही ठाऊक नसते. वस्तुतः शस्त्र कोठपर्यंत चालवावे, चालवावे की नाही, हे पुष्कळदा तोच ठरवीत असतो.

साध्या रंगांनी जेथे उलगडा होत नाही, तेथे विशेष परीक्षा करावी लागते. विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे कापावर सोडतात. ते प्रथिन पेशीत असेल तर तेथे रंग उमटतो. गाठ दिसते कशी, एवढ्यावर न थांबता ती कोणत्या कुळातील आहे, हे ही परीक्षा सांगते. जिस्टच्या बाबतीत ‘सीडी ११७’ नावाच्या प्रथिनाची ही खूण सर्वांत महत्त्वाची ठरते.

दिसण्यात सारखे, वागण्यात वेगळे

अन्नमार्गाच्या दुर्मीळ गाठींत कुळ ठरविण्याला एवढे महत्त्व का, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. जिस्ट ही गाठ अन्नमार्गाच्या आतील अस्तरातून उद्भवत नाही. आतड्याच्या हालचालीची लय राखणाऱ्या ज्या पेशी त्याच्या भिंतीत असतात, त्यांच्याशी तिचे नाते आहे. पूर्वी तिला स्नायूंचीच गाठ समजत. तिच्यावर नेहमीच्या कर्करोग-औषधांचा वा किरणोपचाराचा फारसा परिणाम होत नाही. परंतु एका विशिष्ट गोळीला ती बहुतेक वेळा दाद देते. तीच गाठ नेहमीच्या जठराच्या कर्करोगात जमा केली, तर रुग्णाला भलतीच औषधे मिळणार. साधी स्नायूची गाठ म्हणून सोडून दिली, तर काहीच मिळणार नाही. आमच्या परिचराचे दुसऱ्या प्रकारे झाले.

दुसरे उदाहरण आंत्रपुच्छाचे, म्हणजे ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो त्याचे. त्यात कधी कधी ‘कार्सिनॉइड’ नावाची लहानशी गाठ सापडते. १९०७ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी तिला हे नाव दिले. अशा गाठींना आज न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपल्याला याच कुळातील आजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाव प्रथमच सामान्य वाचकांच्या कानी पडले. अपेंडिक्समधील ही गाठ एक सेंटिमीटरहून लहान असेल, तर अपेंडिक्स काढणे हाच बहुधा पुरेसा उपचार ठरतो. दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, तर आतड्याचा काही भाग काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. आता विचार करा : सुजलेले अपेंडिक्स काढले, नातेवाइकांना दाखविले आणि टाकून दिले, तर आत काय होते हे कोणाला कधी कळणार?

तिसरे उदाहरण जठरातील एका प्रकारच्या लसीकापेशींच्या कर्करोगाचे आहे. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूशी त्याचा निकट संबंध आहे. प्रारंभीच्या अवस्थेत केवळ त्या जिवाणूचा प्रतिजैविकांनी नायनाट केल्यास तो बहुसंख्य रुग्णांत ओसरतो. कर्करोग, आणि त्यावर उपचार काय, तर दोन आठवड्यांची प्रतिजैविके! या जिवाणूचा शोधही सूक्ष्मदर्शकावरच लागला. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जठराचे तुकडे तपासताना रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला तो दिसला. पुढे बॅरी मार्शल यांच्यासमवेत त्यांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि चौथे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागी क्षयरोग होतो. क्रोन्स नावाचा दाहविकार, लसीकापेशींचा कर्करोग आणि नेहमीचा कर्करोगही तेथेच होतो. स्कॅनमध्ये हे चौघे एकमेकांचे सोंग घेतात. क्षयाला कर्करोग समजून रुग्णाचे मन आधीच मारले जाते. कर्करोगाला क्षय समजून ‘सहा महिने गोळ्या घेऊन पाहू’ म्हटले, तर ते सहा महिने रोगाच्या पदरी पडतात. क्षयाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिल्यास क्षय अधिकच भडकतो. या चौघांतला भेद करण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पुन्हा तोच तुकडा. एका तुकड्याने निर्णय झाला नाही, तर आणखी तुकडे आणि त्यांच्यासोबत जंतूंच्या चाचण्या.

न्यायालयाने दिले, प्रयोगशाळेने अडविले

आता अर्थशास्त्राकडे वळू. जिस्टवर उपयोगी पडणाऱ्या गोळीचे नाव इमॅटिनिब. १९९८ साली जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी या गाठीतील ‘किट’ जनुकाचा दोष दाखवून दिला. २००० साली फिनलंडमध्ये एका रुग्ण स्त्रीला ही गोळी प्रथमच देण्यात आली आणि तिच्या गाठी आश्चर्यकारकरीत्या आक्रसल्या. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका मोठा असलेल्या रुग्णांनी ही गोळी एक वर्षाऐवजी तीन वर्षे घेतल्यास आयुष्यमान वाढते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. म्हणजे गोळीचा लाभ पुरेपूर मिळण्यासाठी रोगाचे नाव शस्त्रक्रियेच्या वेळीच कळले पाहिजे.

या गोळीच्या किमतीचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एकाधिकाराच्या प्रकरणात शिकवितो. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या मूळ औषधाचा खर्च महिन्याला एक लाख रुपयांच्या वर जात असे. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांच्या घरात मिळत होते. कंपनीने भारतात पेटंट मागितले, ते नाकारले गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३ (ड) चा आधार घेऊन कंपनीचे अपील फेटाळले. साऱ्या जगातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. गरीब रुग्णांचा तो मोठाच विजय होता, यात शंका नाही.

परंतु विजयाचे फळ रुग्णाच्या ओंजळीत पडण्यासाठी आणखी एक अट होती, आणि तिची चर्चा कोणी केली नाही. औषध स्वस्त झाले. पण ज्याच्या गाठीचे नावच ठरले नाही, त्याला स्वस्त औषधाचा काय उपयोग? दुकानात धान्य स्वस्त झाले, पण शिधापत्रिका मिळाली नाही, अशातला हा प्रकार. आमच्या परिचराच्या गाठीवरील औषध न्यायालयाच्या कृपेने त्याच्या आवाक्यात आले होते. त्याला अडविले ते न झालेल्या एका रंजक परीक्षेने.

असे का घडते? १९६३ साली केनेथ ॲरो यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की वैद्यकाच्या बाजारात ग्राहकाला आपण काय विकत घेत आहोत हे समजत नाही. म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. शस्त्रक्रिया डोळ्यांना दिसते, सलाईन दिसते, औषधाची बाटली दिसते. तपासणीचा लाभ दिसत नाही. त्यामुळे पैशाची चणचण भासली की पहिली कात्री तपासणीला लागते. शासकीय आरोग्य योजनांचा भरही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे, आणि कर्करोगाचा उपचार मंजूर होण्यास निदानाचा कागद लागतो. तो कागद मिळविण्याचा खर्च पुष्कळदा योजनेच्या दाराबाहेरच करावा लागतो. म्हणजे ज्याच्याजवळ निदानापुरते पैसे आहेत, त्यालाच उपचार मोफत!

दुर्मिळाचा प्रश्न कशासाठी?

कोणी म्हणेल, ज्या जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर वेळेवर भेटत नाही, खारपाणपट्ट्यात प्यायला धड पाणी नाही, तेथे दुर्मीळ कर्करोगाची चिंता हा बुद्धिवंतांचा विलास होय. आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. पण त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले असे, की दुर्मीळ रोग एकेकटे दुर्मीळ असतात, एकत्रितपणे नव्हे. वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळणारा कर्करोग दुर्मीळ समजावा, अशी व्याख्या युरोपात रूढ झाली. त्या व्याख्येनुसार तेथील सर्व कर्करोगांपैकी एक-पंचमांशाहून अधिक कर्करोग दुर्मिळांतच मोडतात. जिस्टचे प्रमाण परदेशांतील नोंदींनुसार दर दहा लाखांमागे वर्षाला सुमारे दहा ते पंधरा आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. परदेशातील प्रमाण येथे जसेच्या तसे लागू करणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पण ते निम्मे धरले, तरी दरमहा एखादे तरी कुटुंब या रोगाच्या वाट्याला येते. ती कुटुंबे कोणती, हे कोणास ठाऊक नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या अहवालात मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी येथील लोकसंख्याधारित नोंदी आहेत. बुलढाणा त्यात नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या ठिकाणी १९८७ सालापासून खेडोपाडी जाऊन नोंद ठेवली जाते. देशातील ग्रामीण भागातली ती पहिली नोंदणी होय. जे बार्शीला साधले ते बुलढाण्याला अशक्य का असावे?

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. दुर्मीळ गाठीसाठी जी बरणी लागते, तीच बरणी क्षयासाठी, नेहमीच्या कर्करोगासाठी, स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी लागते. दुर्मिळासाठी स्वतंत्र व्यवस्था कोणी मागत नाही. साधी व्यवस्था नीट चालते की नाही, याची परीक्षा दुर्मीळ रोग घेतो, एवढेच. आपला शेतकरी पेरणीपूर्वी मातीचा नमुना तपासणीस पाठवितो. २०१५ सालापासून त्यासाठी शासन मृदा आरोग्य पत्रिका देते. शेतात कोणते खत घालावे हे ठरविण्यासाठी माती तपासावी, हे ज्या शासनाला पटले, त्याला शरीरात कोणते औषध घालावे हे ठरविण्यासाठी ऊतक तपासावे, हे पटावयास हरकत नसावी.

करण्यासारख्या गोष्टी

यासाठी कोट्यवधींची यंत्रे प्रथम लागत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेला कोणताही भाग, मग ते अपेंडिक्स असो वा साधी वाटणारी गाठ, तपासणीविना टाकला जाऊ नये, असा दंडक जिल्ह्यातील सर्व शासकीय व खासगी रुग्णालयांनी पाळावा. दुसरी, प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात योग्य प्रमाणात फॉर्मालिन भरलेल्या, नावाची चिठ्ठी लावलेल्या बरण्या सदैव तयार असाव्यात. साध्या पाण्यात वा सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा वाटेतच नासतो, आणि नासलेल्या तुकड्यापुढे जगातील श्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञही हतबल असतो. तिसरी, बरणी पोहोचविण्याची जबाबदारी रुग्णाच्या मुलावर न टाकता रुग्णालयाने घ्यावी. जळगाव जामोदपासून सिंदखेड राजापर्यंतच्या बरण्या ठरलेल्या दिवशी गोळा करून वैद्यकीय महाविद्यालयाच्या विभागात आणणे, हे एका गाडीचे काम आहे.

चौथी गोष्ट विशेष परीक्षांची. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली सांगून ठेवले आहे, की श्रमविभागणीला बाजारपेठेच्या विस्ताराची मर्यादा असते. वर्षातून दोनदा जिस्ट पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाकडून दररोज ती पाहणाऱ्याच्या सफाईची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणून अवघड तुकडा मोठ्या केंद्राकडे गेला पाहिजे. मात्र तेथे तुकडा जावा, माणूस नव्हे. आज होते ते उलट. शेगाव-मलकापूरहून रात्रीची गाडी पकडून रुग्ण आणि दोन नातेवाईक मुंबईस जातात, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर परळच्या पदपथावर पथारी टाकतात; आणि तेथे त्यांचे पहिले काम काय, तर जुना ब्लॉक पुन्हा तपासून घेणे! काही ग्रॅम वजनाचे मेण टपालाने जाऊ शकते. २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातील कर्करोग केंद्रांचे ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ हे जाळे उभे राहिले आहे. आपल्या नव्या महाविद्यालयाने अशा जाळ्याशी नाते जोडावे आणि विशेष परीक्षेचा खर्च शासनाने निदानाच्या टप्प्यावरच उचलावा. औषधावर पुढे होणाऱ्या खर्चाच्या मानाने तो क्षुल्लक आहे.

शेवटची गोष्ट आपल्यासारख्यांसाठी आहे. शिक्षक, कार्यालयातील लिपिक, महाविद्यालयात शिकणारा मुलगा वा मुलगी : गावातील इंग्रजी कागद वाचून घेण्यासाठी लोक यांच्याकडेच येतात. तेव्हा ‘कॅन्सर’ हा शब्द शोधून निकाल देण्याचा माझा मूर्खपणा आपण करू नये. तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. काढलेला भाग तपासणीस गेला काय? अहवालात पुढील परीक्षा सुचविली आहे काय, आणि ती झाली काय? ब्लॉक व काचा कोठे आहेत? अर्थ न समजल्यास ‘मला समजत नाही, डॉक्टरांकडे परत जा’ हे सांगण्यात कमीपणा नाही.

आमचे परिचर आजही अधूनमधून नवा अहवाल घेऊन अध्यापक-कक्षात येतात. त्यांनी मला कधी बोल लावलेला नाही. मी अहवाल वाचतो, शेवटची ओळ दोनदा वाचतो, आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी करतो. लोणारच्या दगडाने पन्नास हजार वर्षे वा त्याहून अधिक काळ आपले गुपित जपले. त्याला घाई नव्हती. माणसाला तेवढी सवड नसते.